देवरीची कवठवाली

देवरीच्या बसथांब्यावर एक म्हातारी कवठाची जेली विकायची. नाव मी विचारलं नाही, ही माझीच चूक. कवठ ती हातभर वरून जमिनीवर टाकून बघे. उसळलं तर कच्चं, धप्पकन बसलं तर पिकलं. जेलीत थोडी अर्धकच्चीही घालायची, कारण घट्टपणा त्यांनीच येतो. पावडर नाही, रंग नाही. आणि लोक मात्र तिच्या नाकासमोर दुकानातला लालभडक जॅम घेऊन जात होते! माझं डोकं सणकलं. गावोगाव वाटायला दिलेलं आहाराचं पत्रक पिशवीतून काढून मी तिलाच वाचून दाखवलं : कवठात कॅल्शियम असतं, चोथा असतो, पोटाला बरं, अंगाला लागतं.

ती बरणी पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "पोरी, लेकरं गेली नागपूरले. आता मीच बनवून राहिली, मीच खाऊन राहिली. एकटीनं खाल्लेलं अंगाले लागते का, हे लिवलं का तुह्या कागदात?"

लिहिलं नव्हतं. माझी बस सुटत होती. मी तिच्या शेजारी फतकल मारून बसले.

"गाडी गेली ना तुही!"

"जाऊ द्या, आजी. वाढा."

दुसरी वाटी तिच्याकडे नव्हतीच. बरणीच्या झाकणात तिनं माझा वाटा काढला.