झेंडूखालची पेटी

आमचे हे, रामनाथ, केळव्याचे. रोलर चालवायचे, पण तोरा असा की जणू विमानच उडवतात! "माझ्या चाकाखाली मुंगीसुद्धा विचारून येते," म्हणायचे. मी म्हणायची, "मुंगी विचारेल हो, पण तुम्ही खाली बघाल तर ना!" ते हसण्यावारी न्यायचे.

नव्वदच्या सुमारास बोईसरला एका कारखान्याच्या रस्त्याचं काम चालू होतं. माती किती घट्ट बसली ते मोजायला तिथे एक पिवळी पेटी होती. तिच्या पोटात किरणं सोडणारी गोळी, म्हणून साहेबाशिवाय कोणी तिला हात लावायचा नाही. पण दसरा आला, हत्यारांची पूजा आली. घमेली, फावडी, टिकाव रोलरपुढे ओळीनं मांडले आणि साहेबानंच हौसेनं पेटीही तिथे आणून ठेवली. वाणगावकडच्या पाड्यावरची सोमी मजुरीला यायची, तिनं सगळ्यांवर झेंडू वाहिला. पूजा झाल्यावर सामान उचललं, पेटी तेवढी फुलांच्या ढिगात राहिली. यांना चाकाखालची लिंबं चिरडायची घाई. सोमी हात हलवत ओरडली, "डायवर, थांबा! पेटी हाय!" यांना वाटलं, कौतुक चाललंय. रोलर पुढे गेला.

पेटीचा चुरा झाला. दोरी बांधून सगळ्यांना लांब काढलं. साहेबानं दरडावून विचारलं तसे हे बोलून गेले, "सोमीनं मधे सरकवली." तिला तिथल्या तिथे घरी धाडलं. मग तपासणारे आले. गोळी आपल्या कवचात शाबूत होती, बाहेर काही सांडलं नव्हतं. नशीब म्हणायचं!

इकडे आमचा माणूस जेवेना. खोदून खोदून विचारलं तर रडायलाच लागले. माझं डोकंच फिरलं! "जिनं थांबा म्हणून हाक मारली, तिच्याच माथी मारलंत? लाज नाही वाटली?"

"वाटते गं," म्हणाले. "शरमेनं आरशात बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबाला खरं सांगितलं. यांच्या हातातून रोलर गेला आणि सोमीला परत बोलवायचं ठरलं. तो निरोप घेऊन आम्ही दोघं पाड्यावर गेलो.

सोमीनं ऐकून घेतलं. बसा म्हणाली, पण पाणी काही विचारलं नाही. यांनीच मागितलं.

"लोक नाय पीत माझ्या हातचा," ती म्हणाली. "बोलतात, हिनं पेटीला हात लावला."

"तू दे," म्हणत हे उठले आणि अख्खा तांब्या घटाघटा प्यायले. मला वाटलं, चला, फिटलं.

सोमीनं तांब्या परत घेतला. आवाज न चढवता म्हणाली, "डायवर, पेटीवरनं तर तुमी गेलात. तुमच्या हातचा पानी कोनी टाकला काय?"

 मला आमचं घर आठवलं. यांनी भरलेल्या हंड्यातलं पाणी घरात आम्ही रोज पीत होतो.