म्हाळाच्या दिवशी आनंदी बोलली

शहाणपणाची गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या घरी जा. माझ्याकडे आहे ती गाढवपणाची, आणि तीही अशी की सांगताना अजून माझी मान आपोआप मागे वळते. चहा घ्या, सांगतो. घाई नाही ना? मला घाईत सांगता येत नाही.

शाळेची पायरी मी चढलो नाही. मी बोलतोय आणि माझी सून सायली उतरवून घेतेय. मधेच ती हसली तर समजा, मी काहीतरी गाळायला बघत होतो.

ही सायली आधी ओरोसला नोकरीला जायची. आता घरात बसून मुंबईच्या एका संस्थेचं काम करते. काम काय, तर आवाज सांभाळायचे! या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी, गाऱ्हाणी, जात्यावरच्या ओव्या, कुठली मासळी कशी करायची, सगळं बोलून घेतलेलं. फोटो, लिहिलेलं, तेही आहे. ढिगानं आहे म्हणतात. जगात कुठेही बसून कुणीही ऐकावं. आमच्या मधल्या खोलीत एक यंत्र आहे, त्याच्यापुढे ती कानाला गोळे लावून बसते. यंत्र दिवसभर गुणगुणतं. आत कोण बोलतं ते तिला ऐकू येतं, आम्हाला नाही.

गेल्या भादव्यात तिनं सांगितलं की जुनं कोठार भरलं, आता सगळं नव्या कोठारात न्यायचं. मी म्हटलं, म्हणजे एका कणगीतलं भात दुसऱ्या कणगीत? ती म्हणाली, तसंच, फक्त या भाताच्या प्रत्येक दाण्याला वेगळं नाव आहे. दाणे वेगळे जातात, नावं वेगळी जातात, आणि तिकडे पोचल्यावर ज्याची त्याला गाठ मारायची. पोचला की जुन्या कणगीतला तो दाणा काढून टाकायचा. हे चालू असताना मधे खंड पडता कामा नये.

हे मला पटलं. भात हलवताना मधेच उठू नये, हे आम्हीही पाळतो.

आता पंचाईत अशी की हे हलवणं आणि आमच्या आनंदीचा म्हाळ एकाच दिवशी आले. आनंदी माझी बायको. तिला जाऊन पितृपक्षातला हा दुसरा म्हाळ. मुलगा बोटीवर, त्यामुळे सगळं मी आणि सायलीनं करायचं. सायलीनं पहाटे यंत्र चालू केलं आणि मला बजावलं, "मामानू, लाईट गेली तरी खालचो बॅटरीचो डबो यंत्र धरून ठेवता. तुमी कशाक हात लावू नकात."

मी कशाला हात लावतोय?

त्या दिवशी आभाळ असं खाली आलं होतं की भरदुपारी घरात दिवा लावायची वेळ. वारा नाही. माडाचं झावळ हलत नव्हतं. पलीकडे दर्या मात्र गाजत होता, आणि एरवी तो वारा असल्याशिवाय आमच्याकडे ऐकू येत नाही. मी परसात चुलीसाठी लाकडं काढत होतो, तेवढ्यात घरातून आवाज आला. पुरुषाचा.

"होडी खंय गेली रे?"

मी ओळखला. भिकू तांडेल. आता तुम्ही म्हणाल, बरं मग? अहो, भिकूला मी खांदा दिला होता!

आत जाऊन बघितलं तर कुणी नाही. सायली स्वयंपाकघरात वड्यांचं पीठ मळतेय, कढईत तेल तापलंय. थोड्या वेळानं जात्यावरची ओवी. वरच्या आवाठातली, म्हणजे वरच्या वाडीतली, तारामावशी, तीही कधीच गेली. ओवी अर्ध्यावर तुटली. मग कुठलंसं पोर हसलं, तेही अर्ध्यावर तुटलं. मी स्वतःला समजावलं, पितरांचे दिवस आहेत, येतात-जातात माणसं, आपण आपलं काम करावं. सायलीला विचारावं असं मनात आलं, पण वाटलं, तिला ऐकू आलं नसेल तर उगाच घाबरेल. आणि तिला ऐकू आलं असेल तर मी घाबरेन.

म्हाळाला जेवायला बोलावलेला एकच, शेजारचा बाबल. आम्ही दोघं एकत्र म्हातारे झालो. दुपारी वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं पान मी मांगराजवळच्या, म्हणजे परसातल्या खोपीजवळच्या, चिऱ्यावर ठेवलं आणि हाक घातली. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

कावळा आला. माडावर बसला. पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड फिरवलं.

थांबलो. आणखी थांबलो. माडावर आता दोन-तीन कावळे झाले, सगळे गप्प. कावळ्यासारखा कावळा, पण ओरडेना. दुसरं पान घेऊन सायली देवळाकडच्या वडाखाली गेली, तिथे कावळे जास्त असतात. राहिलो मी आणि बाबल. बाबल भुकेला माणूस. म्हणाला, "दत्तू, आणि थोडो वेळ गेलो तर आमचा पान पण ह्याच चिऱ्यार ठेवचा लागतला."

मला हसू आलं नाही. माझ्या मनात एकच घोळत होतं, हिचं काय राहिलं? जाताना दवाखान्यात तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. काही सांगायचं होतं का, ते मला कधी कळलंच नाही. कावळा शिवत नाही म्हणजे राहिलंय काहीतरी. मग आपल्याकडे करतात तसं मी हात जोडले आणि मोठ्यानं विचारलं, "तुजा काय रवला गो? काय होया ता सांग, मी करतंय."

आणि घरातून आनंदी बोलली.

"अहो, ता बंद करा आदी, मगे..."

एवढंच. पुढचं तुटलं.

तिचाच आवाज. 'अहो' म्हणताना ती शेवटी थोडा ओढायची, तसाच. आणि त्या आवाजाच्या मागे एक घुमल्यासारखं गुंऽऽ चाललेलं, जमिनीखालून यावं तसं. बाबलकडे बघितलं. म्हटलं, ऐकलंस ना?

"माजे कान गेले आसत," असं म्हणून बाबल उठला आणि गेला. एका पायात चप्पल, दुसरी आमच्याच अंगणात. आयुष्यभर वादळात होडी घालणारा माणूस!

मी आत गेलो. जावंच लागलं. आत्ताच तर शब्द दिला होता, सांग, मी करतो. पण काय बंद करू? पंखा बंद. टीव्ही बंद. चूल शांत. आणि मग मधल्या खोलीतून ते गुणगुणणं ऐकू आलं. घरात चालू असं तेवढं एकच होतं. आवाजही तिथूनच आला होता. मी उंबऱ्यात उभा राहून यंत्राकडे बघितलं आणि मला पटलं. पहाटेपासून सगळी मेलेली माणसं यातूनच बोलतायत. कोठारं हलवता हलवता माझी बायको यात सापडलीय. तिला सोडवायला हवं.

भिंतीतली वायर उपटली. तर यंत्र चालूच! आणि खालचा डबा रडायला लागला. टूं... टूं... बाई हुंदके देते तसा. मी म्हटलं, रडू नको गो, करतंय. डब्याचं बटण दाबून धरलं ते डबा गप्प होईपर्यंत. पडदा काळा झाला. घरात इतकी शांतता पसरली की मला माझा श्वास दुसऱ्या कुणाचा वाटला.

बाहेर आलो. कावळा खाली उतरला, एक वडा उचलला आणि गेला.

आता सांगा, माझं काय चुकलं? तुम्ही असता तर तुम्हीही पेढे वाटले असते. मी अंगणात बसून डोळे पुसले. बाबल चप्पल न्यायला म्हणून परत आला, कावळा शिवला हे कळल्यावर जेवायलाच बसला, आणि चौथ्या वड्याला म्हणाला की त्यालाही ऐकू आलं होतं.

तेवढ्यात सायली आली. मी मोठ्या समाधानानं तिला सांगितलं की आईनं बंद कर म्हटलं, मी बंद केलं, सगळं मार्गी लागलं.

तिच्या हातातलं पान खाली पडलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती धावत आत गेली, यंत्र पुन्हा चालू केलं आणि नुसती बघत बसली. मी मागे उभा. तिनं भिकू तांडेलाच्या फोटोवर बोट ठेवलं, तर भिकूच्या तोंडून तारामावशी ओवी म्हणायला लागली. तारामावशीच्या फोटोतून ते पोर हसलं. काही फोटो मुके. काही आवाजांना चेहराच नाही, नावच नाही, नुसते आपले बोलतायत. नव्या कोठारात गाठी अर्ध्याच बांधून झाल्या होत्या, आणि जुन्या कोठारातले दाणे बहुतेक काढून टाकलेले.

मग हळूहळू तिनं मला सांगितलं. वाटेत काही सांडत तर नाही ना, ते बघायला यंत्र मधूनच एखादा आवाज उघडून घोटभर वाजवतं. एरवी ते तिच्या कानात वाजतं. त्या दिवशी वडे तळताना ऐकू यावं म्हणून तिनं कानातले गोळे काढून यंत्राचा आवाज घरभर सोडला होता.

मी विचारलं, मग आनंदी?

"आईंचो आवाज मीच घेतलेलंय, मामानू. त्या वड्यांचा पीठ सांगत होते तेवा. साडयेक बारीक माईक लावलेलो, तुमच्या ध्यानात नाय." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "तुमी बटाण दाबलात तेवा तोच उघडो होतो. तो मोडलो."

म्हणजे बघा. तिचा तेवढा एकच आवाज जगात उरला होता, मला ते माहीतही नव्हतं, आणि तिला सोडवायला म्हणून मी गेलो तो तिला बंद करून आलो.

त्या दिवशी मी जेवलो नाही. बाबल माझ्या वाटणीचं जेवला, पण गप्प राहून.

सायली म्हणाली की हलवण्याआधी सगळ्याची एक नक्कल मुंबईला ठेवलेली आहे. मी म्हटलं, मग रडायचं काय? तर म्हणाली, ठेवलेली आहे, पण ती उघडून कुणी कधी बघितलेली नाही. लोणच्याची बरणी कशी, झाकण काढल्याशिवाय आत लोणचं आहे की बुरशी ते कळत नाही. ती यंत्रापुढे बसली आणि मी दाराशी. फोन झाले. मुंबईहून एकेक आवाज परत यायला लागला. भिकू भिकूच्या तोंडात गेला. तारामावशीला तिची ओवी मिळाली. दुसऱ्या दिवशी आभाळ उघडून जरा ऊन आलं, तेव्हा सायलीनं मला बोलावलं, शेजारी खुर्चीवर बसवलं, आणि म्हणाली, आला. पुरो आसा.

बाबलही येऊन उभा राहिला, दाराजवळच, चपला पायात ठेवून.

तिनं लावलं. आधी पीठ. तांदूळ किती, उडीद किती, धणे का. मागे ते गुंऽऽ. मग आनंदी म्हणाली, "अहो, ता बंद करा आदी, मगे बोला." आणि एका पुरुषानं विचारलं, "काय ता?" तो मी!

"पंप ओ, विहिरीवरचो पंप. सायलीक माझा ऐकाक येना नाय."

पावलं. खट्. आणि गुंऽऽ थांबलं. पण त्याबरोबर पंखा थांबला, फ्रिज थांबला, सगळं घर थांबलं. त्या शांततेत आनंदी सायलीला सांगतेय, अगदी सावकाश:

"बघलंस? पंप सांगलंय, तर ह्येनी घराचो मेन स्विच पाडल्यानी. उद्या मी मरान वरसून सांगलंय ना, तरी हे भलताच बंद करतले."

बाबल खाली बसून हसला. सायली हसता हसता रडली. मी दोन्हीतलं काही केलं नाही, कारण आनंदी पाठीशीच उभी आहे असं वाटून माझी मान मागे वळली होती.

मग मी विचारलं, हे सगळ्यांना ऐकू येणार? म्हणाली, हो, जगभर. मी म्हटलं, तेवढं शेवटचं पुसता येणार नाही का?

"पुसूक येता, मामानू. पण आता मी तीन ठिकाणी ठेवलंय. एक हंय, एक मुंबयत, एक दर्यापलीकडे. तुमी काय पण बंद करा, आई बोलतच रवतली."