फ्यूज नेणारा चोर

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस डोक्यातून गेल्या. ही गेली असं मला वाटत होतं. परवा घराच्या दाराला नवी कडी बसवायला सुतार आला होता. त्याने सहज विचारलं, "साहेब, बाहेरून पण एक बसवू का?" मी "नको" म्हणालो, पण इतक्या जोरात की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण ते दार आणि त्या दारामागचे आप्पा पुन्हा डोळ्यांपुढे आले, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्दीच्या एका अंगाला कंपन्या, दुसऱ्या अंगाला भीमेकाठचा ऊस, आणि मनुष्यबळ नेहमीसारखं अपुरं. एप्रिलमधली सकाळ होती. हजेरी घेऊन मी रात्रीच्या डायरीवर सह्या करत होतो, तेवढ्यात एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

"साहेब, मळ्यातल्या घरात आप्पा मेल्यात. दाराला बाहेरून कडी व्हती. शेजारी राहणाऱ्या त्यांच्या चुलतभावानं उघडलं तवा कळलं."

बाहेरून कडी म्हटलं की आमच्या भागातल्या पोलिसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. वस्तीवर चोऱ्या करणारे आधी आजूबाजूच्या घरांना बाहेरून कड्या घालतात आणि जाताना लुटलेल्या घरालाही घालतात, म्हणजे कोणी मागे धावत येत नाही. मी हवालदारांना घेऊन निघालो. ते सेवेने माझ्याहून मोठे, दौंडकडच्या शेतकरी घरातले. बोलणं कमी, नजर पक्की.

घर दोन खोल्यांचं, वर पत्रा. एका बाजूला गवार, एका बाजूला झेंडू आणि मागे दुसऱ्याचा ऊस. दार लोखंडी, मजबूत, मुलाने वर्षभरापूर्वी बसवलेलं. दाराच्या आत, चौकटीला टेकून आप्पा पडले होते. वय सत्तरीच्या पुढचं. अंगात सदरा नव्हता आणि हातात खुरपं होतं. लाकडी चौकटीवर आतल्या बाजूने खुरप्याचे घाव होते.

पंचनामा सुरू केला. घरात पासबुक नाही. मोबाइल नाही, त्याचा चार्जर मात्र भिंतीवर. हातातली बॅटरी नाही. मयत बायकोची बोरमाळ होती असं पाटील म्हणाले, तीही नाही. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज गायब.

"साहेब, पडवीतला माठ भरलेला हाय," हवालदार म्हणाले. "घरात मात्र पाण्याचा थेंब न्हाई."

"लिहा," मी म्हणालो. लिहिलं, पण त्याचा अर्थ लावायची तसदी घेतली नाही. माझं चित्र तयार झालं होतं. चोर शिरले, म्हातारा खुरपं घेऊन उठला, झटापट झाली, चोर माल घेऊन कडी लावून गेले. दुपारपर्यंत गावभर झालं की आप्पा एकटे चोरांना भिडले.

आप्पांचा मुलगा कारेगावात राहायचा, जवळच्या कंपनीत परमनंट. मुलगी खुटबावला दिलेली. दोघं आली, दोघं रडली. मी मुलाला विचारलं, "काय काय गेलं, सांगता येईल का?"

तो म्हणाला, "सगळंच गेलं, साहेब." मी तसंच लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी खबर मिळाली. चोरीच्या जुन्या गुन्ह्यांतला एक इसम त्या सुमारास मळ्याच्या रस्त्याने जाताना दिसला होता. त्याला उचलून आणलं. तो म्हणाला, आप्पांच्या मळ्यात फुलं तोडायला जात होतो, ते चहा पाजायचे. मी ऐकून घेतलं नाही. मी हात उचलला. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लपवून तरी काय करू? पासबुक कुठंय, बोरमाळ कुठंय, फ्यूज कुठं विकलेस, असा मी सारखा ओरडत होतो.

तो गाल धरून बसला होता. फ्यूजचं नाव ऐकून त्याने मान वर केली.

"साहेब, मी चोर हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण एक सांगा, मोटारीची केबल हाय का जागंवर?"

"आहे."

"आन् मोटार?"

"तीही आहे."

"मग तांब्याची केबल सोडून फ्यूज नेणारा चोर मला बी दाखवा. असलं येडं मी तरी बघितलं न्हाई."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मला राग आला, आणि तो त्याचा नव्हता, माझाच होता. मी सांगायचं ते एक चोर मला सांगत होता.

आम्ही पुन्हा मळ्यात गेलो. पेटी उघडली. फ्यूजच्या जागी तीन तारा आवळलेल्या होत्या. पहिल्या दिवशीही त्या दिसल्या होत्या, पण कोणी विचार केला नव्हता. हवालदारांनी एक तार निरखून पाहिली.

"ही जुनी हाय, साहेब. जळून काळी पडलीय. ह्या तारंवर मोटार चाललीय आठ-पंधरा दिवस."

म्हणजे फ्यूज आधीच गेले होते. ते गेल्यावर आप्पांनी स्वतः तारा घालून मोटार चालवली होती. मग चोरी कुठल्या रात्रीची? त्याच संध्याकाळी शवविच्छेदनाचा अहवाल आला. अंगावर मारहाणीची एकही खूण नाही. उष्म्याने आणि पाण्यावाचून मृत्यू, तोही प्रेत सापडलं त्याच्या आदल्या दुपारी. खुरप्याचे घाव चोरांसाठी नव्हते. तापलेल्या पत्र्याखाली कोंडलेला माणूस चौकट उकरून बाहेर यायला बघत होता.

दुसऱ्या दिवशी चुलतभावाला ठाण्यात बोलावलं. ओरडायची गरजच पडली नाही. मी फक्त विचारलं, "कडी कोणी लावली?" तो खुर्चीतून खाली फरशीवर बसला.

"मीच लावली, साहेब. रोज मीच लावत हुतो. त्याच्या पोरानं सांगितलं व्हतं. अंधार पडला की लावायची, उजाडलं की काढायची."

तो त्या पहाटे घरच्यांना घेऊन साखरपुड्याला दौंडला गेला होता. अंधारात उसाच्या कडेने जायला भ्याला, म्हणून त्याने कडी काढली नाही. आप्पांच्या मुलाला फोन करून सांगितलं, तू ड्युटी सुटली की ये आणि उघड. रात्री तो पाहुण्यांकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला, तर दाराला कडी तशीच होती.

मग मुलाला बोलावलं. तो कंपनीच्या गणवेशातच आला, खांद्याला डब्याची पिशवी. मी पंचनामा पुढे ठेवला आणि एकेक वस्तू वाचत गेलो.

"पासबुक?"

"बहिणीकडं हाय."

"का?"

"केवायसी म्हणून आप्पांना फोन आला, त्यांनी नंबर सांगितला, पैसे गेले. परत जाऊ नयेत म्हणून घेतलं."

"मोबाइल?"

"तो माझ्याकडं. फोनच नको म्हणलं."

"बोरमाळ?"

"लॉकरला ठेवली. मळ्यात कशाला ठेवायची?"

"बॅटरी? फ्यूज?"

त्याने डब्याची पिशवी उघडली. डब्याखालून फडक्यात गुंडाळलेले तीन फ्यूज काढून माझ्या टेबलावर ठेवले. आप्पांनी शोधून परत बसवू नयेत, म्हणून तो ते रोज बरोबर घेऊन हिंडत होता.

"साहेब, शेतीची लाइट रात्रीची. बिबट्यानं शेजारची शेळी नेली, तरी आप्पा मोटार चालू करायला एकटे जायचे. म्हणलं कारेगावला चला. आले, आठ दिवस राहिले, परत गेले. म्हणले, इथं टीव्ही बघत मरू का? बॅटरी काढून घेतली, तर अंधारात गेले. फ्यूज काढले, तर तारा घातल्या. मग मी काय करायचं हुतं?"

मी पंचनाम्याचा कागद मिटला. मग विचारलं, "त्या दिवशी का गेला नाहीस?"

"रात्रपाळी सुटायच्या टायमाला माझ्या जागी येणारा रिलीव्हर आलाच न्हाई. सुपरवायझर म्हणला, डबल कर. दुपारी सुटलो, चुलत्याला फोन लावला, त्यानं उचलला न्हाई. वाटलं, आला असंल, कामात असंल. रूमवर जाऊन झोपलो."

आप्पांकडे फोन असता, तर त्यांनी स्वतःच मुलाला हाक मारली असती. ते त्यालाही कळत होतं. तो फ्यूजकडेच बघत राहिला.

"कडी लावता हे आप्पांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी लई शिव्या दिल्या. मग माझ्याशी बोलायचंच बंद केलं."

"आणि आम्ही एका निरपराध माणसाला मारत होतो, तेव्हा तू गप्प कसा बसलास?"

"तुम्हीच चोर म्हणालात, साहेब. गाव म्हणत व्हतं, आप्पा लढून मेले. ते ऐकायला बरं वाटत व्हतं."

मुलगी खुटबावहून पासबुक घेऊन आली. पदराखाली धरून आणलं होतं. जबाब देताना ती म्हणाली, "आप्पा दादाला म्हणले व्हते, मोबाइलवर मोटार चालू व्हती ती पेटी बसवून दे, म्हंजी मी रात्री जात न्हाई. दादा म्हणला, आता मोटारच कशाला पाहिजे? मी बी दादाचीच री ओढली." हवालदार लिहिता लिहिता थांबले. तसली पेटी दौंडच्या बाजारात मिळते आणि बसवायला एक दुपार पुरते. आप्पांनी तोड स्वतःच काढली होती. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

डांबून ठेवणं आणि निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होणं, असा गुन्हा मुलावर आणि चुलतभावावर दाखल केला. मुलाला आरोपी म्हणून नोंदवलं, कायदा तिथे स्पष्ट होता. फुलं तोडणाऱ्या त्या माणसाला सोडलं, चहा पाजला. माफी मागायला हवी होती. ठाणेदाराने गुन्हेगाराची माफी मागायची नसते, असं तेव्हा डोक्यात बसलं होतं. ते आजही बोचतं.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी घरफोड्या पुष्कळ पाहिल्या. त्या घरासारखं रिकामं केलेलं घर नाही पाहिलं, आणि ते कोणा चोराने केलं नव्हतं. माया असलेल्या माणसांनी एकेक वस्तू नेली, प्रत्येक वेळी भल्यासाठीच. खात्यात खर्चापुरते पैसे ठेवून बाकीचे मुदतठेवीत टाकता आले असते. फोन काढून घेण्याऐवजी, अनोळखी फोन आला की आधी मला विचारा, एवढं शिकवता आलं असतं. यात त्रास आहे, वेळ जातो, म्हाताऱ्या माणसाच्या शिव्या खाव्या लागतात. कडी लावायला काहीच लागत नाही. पोलिसालाही ती सवय असते, आधी बंद करायचं आणि मग विचारायचं.

त्या दिवशी फ्यूज आणि पासबुक मुद्देमालाच्या कपाटात ठेवायला मी माझा जुडगा काढला. त्यात एक छोटी पितळी किल्ली होती. ती माझ्या आईच्या पेटीची. आई तेव्हा गावी एकटी राहायची, दार सताड उघडं टाकून शेजारी जाऊन बसायची. म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा मी पेटीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली होती. तिला विचारलं नव्हतं. हवालदारांनी दोनदा हाक मारली.

रविवारी गावी गेलो. आई चुलीपुढे होती. मी किल्ली तिच्यापुढे धरली. "आई, ही तुझी. मी न विचारता नेली होती."

"म्हाईत हाय मला. तू गेलास त्याच दिशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणापाशी बोलायचं बाबा? फौजदार घरचाच." तिने पिठाचा हात लुगड्याला पुसला, किल्ली कनवटीला खोचली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.