दामल्यांचा सुरण

किस्से बटाट्यासारखे असतात. एक उपटावा, तर खाली आणखी चार! पनवेलला नव्वदच्या सुमारास आमच्या ऑफिसच्या क्वार्टर्स होत्या. आमचे हेडक्लार्क दामले माझ्या शेजारीच राहायचे. त्यांच्या परसात तर किस्सेच जास्त पिकले.

आधी मुळे लावले. दामले रोज सकाळी एकेक मुळा उपटून बघायचे आणि परत खोचायचे. म्हटलं, "दामले, हे काय?"

"प्रोग्रेस बघतोय!"

आठवड्यात सगळे मुळे माना टाकून मोकळे.

मग रताळी. खत इतकं ओतलं की वेल कुंपण ओलांडून आमच्या कपड्यांच्या दोरीवर चढला. खाली खणलं तर करंगळीएवढी दोन मुळं! वहिनी म्हणाल्या, "यांच्या टेबलासारखंच. वर नुसता पसारा!"

अळकुड्या मात्र आल्या. दामल्यांनी त्या हौसेने नुसत्या हातांनी सोलल्या आणि तसेच ऑफिसला आले. मीटिंगभर खाजवत होते. साहेब म्हणाले, "दामले, काही सांगायचंय का?"

रिटायर व्हायच्या वर्षी त्यांनी सुरण लावला आणि भर ऑफिसात जाहीर केलं, "सेंड-ऑफला माझ्या सुरणाची भाजी!" बिचाऱ्यांची सगळी इज्जत त्या एका कंदावर टांगलेली. दिवाळीनंतर सुरणाचं पान पिवळं पडलं, दांडा आडवा झाला. दामले दोन दिवस नीट जेवले नाहीत. मलाही वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, हसूही आलं.

सेंड-ऑफच्या दिवशी सगळा स्टाफ परसात जमला. दामल्यांनी मेलेल्या दांड्याशेजारी दोन फावडी मारली आणि चांगला नारळाएवढा सुरण वर काढला. टाळ्या!

तेवढ्यात पळस्प्याहून दारोदार भाजी विकायला येणारी हिराबाई टोपली घेऊन आत आली.

"आवो, यो त माजा सुरण! सकाली तुमीच नेलात ना? मातीत कशाला पुरलात?"

दामले पांढरेफटक. साहेब खो खो हसत सुटले.

"आनि तुमचा कुटं हाय?"

"माझा मेला गं," दामले पुटपुटले.

"मेला नाय! पान मरतं तवाच सुरण तयार व्हतो!" हिराबाईने फावडं घेतलं आणि दांड्याखालची माती उकरली. आत तिच्या सुरणाच्या दुप्पट धूड!

साहेब डोळे पुसत म्हणाले, "दामले, हा कुठून आणलात?"

तीस वर्षांत साहेबांपुढे मान वर न केलेले दामले गरजले, "तोंड सांभाळून बोला, साहेब!"