अक्काचे तिखट कान

आमच्या अक्काचे कान अख्ख्या धरणगावात सर्वांत तिखट आहेत, असं मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो.

अक्का म्हणजे माझी आई. उभी हयात तिने धरणगावच्या जिनिंगमध्ये कापूस निवडला, आणि आता ती आमच्याकडे जळगावला असते. माझी बायको वंदना आणि मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून अगदी दबक्या आवाजात बोललो, तरी पाट्यावर चटणी वाटता वाटता अक्का मान वर करून उत्तर देणार! "तुझ्या माहेरी जायचं तर अक्काला काय सांगू?" असं मी कुजबुजलो, की लगेच तिकडून, "सांगणं काय, जाय ना!" बाप रे! घरात विचार करायचीही चोरी होती.

या कानांचा पहिला घोटाळा झाला तो पल्लवीला, म्हणजे आमच्या मुलीला, पाहायला धुळ्याचे पाहुणे आले तेव्हा. मुलाचे वडील, नाना, मोठे भारदस्त. त्यांची मिशी त्यांच्याहून भारदस्त! वरच्या ओठावरून निघून खालचा ओठ पार झाकून टाकणारी. पोहे आले. नानांनी मोठ्या आदराने अक्काला विचारलं, "अक्का, पोरीले स्वयंपाक जमस का?"

"सोमवारी बंद राहस," अक्का प्रसन्नपणे म्हणाली.

नाना जरा घुटमळले. (आमच्याकडे उपास फार कडक असावेत, असं त्यांना वाटलं असणार.) "पण शेवभाजी तरी करत असेल ना?"

"ते वारी ग्यात, बिचारे!" कोणीतरी वारल्याचं सांगावं तसे अक्काने पदराने डोळे टिपले.

नानांचा पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. वंदनाने मला कोपर मारलं. मी घाईघाईने विम्याचा विषय काढला. (मी विमा एजंट आहे. कुठल्याही संकटात मी हेच करतो, आणि संकट हमखास वाढतं.) पाहुणे तासाभरात उठले. संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला, "मुलगी पसंत आहे हो. पण आजींचं डोकं... म्हणजे, त्या बऱ्या आहेत ना?"

पल्लवीचा चेहरा उतरला. मुलगा तिला आवडला होता.

"कान तपासू या," वंदना म्हणाली.

"कान? अक्काचे? अशक्य!" मी म्हणालो, आणि ते सिद्ध करायला घरीच तपासणी घेतली. अक्काच्या मागे पितळी परात आपटली. अक्का दचकून वळली. "बघ! पहिल्या नंबराने पास!"

"डोकं तुझं तपासाले पाहिजे," परात उचलत अक्का म्हणाली.

तरी आम्ही जळगावातल्याच एका कानाच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या तपासणाऱ्या मॅडम तरुण आणि शांत. त्यांनी आधी कानात दिवा लावून पाहिलं, मग चिमट्यासारखा काटा वाजवून कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानात हवेचा हलका दाब देऊन पडदा हलतो का ते पाहिलं. "पडदा झकास आहे," त्या म्हणाल्या.

"मी म्हटलंच होतं!" मी म्हणालो.

मग अक्काला काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. ढोलासारखे जाड आवाज आले, अक्काने टकाटक बटण दाबलं. आवाज बारीक होत गेले तशी अक्का निवांत बसली. मशीन किणकिणतंय आणि अक्का आमच्याकडे बघून हसतेय!

मी वंदनाच्या कानाशी लागलो, "आता या मॅडम कानाचं यंत्र घ्यायला लावणार. आणि अक्का ते दोन दिवसांत डब्यात घालून ठेवणार."

बाहेरच्या स्पीकरवर अक्काचा आवाज गरजला, "मी कसाले डब्बामा ठेवसू रे?"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "अहो, ती खोली आवाजबंद आहे! बाहेरचं आत ऐकूच जात नाही!"

"म्हणजे किती तिखट कान असतील बघा!" मी अभिमानाने म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. मग त्यांनी अक्काला बाहेर घेतलं आणि समोर बसून एकेक शब्द म्हणायला सुरुवात केली. अक्काने एकूण एक बरोबर सांगितले. मग मॅडमनी तोंडासमोर कागद धरला.

"मासा."

"मामा," अक्का म्हणाली.

"साखर."

"भाकर."

माझा चेहरा पाहण्यासारखा झाला असावा.

"जाड आवाज त्यांना ऐकू येतात," मॅडमनी आलेख दाखवला. त्यावरची रेघ अर्ध्यातून जी घसरली होती ती थेट तळाला! "म्हणून परात ऐकू आली. पण बारीक आवाज, स, श, कुकरची शिट्टी, हे जवळजवळ गेलंय. पडद्याचा दोष नाही, आतल्या भागाची झीज आहे. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलं की असं होतं. बाकी सगळं त्या ओठांवरून वाचतात. आणि इतकं सुंदर, की मी असं पाहिलं नव्हतं."

अक्काला यात काही विशेष वाटलं नाही. "जिनमा कोनले ऐकू ये? आम्ही बठ्ठ्या बाया तोंडाकडे देखीसनच बोलूत."

एवढ्या वर्षांत तिने आमच्या चेहऱ्यांवरून घर चालवलं होतं. आमची भांडणं, आमचे लटके बेत, माझ्या थापा, सगळं तिने डोळ्यांनी ऐकलं होतं, आणि ती स्वतः कशाला मुकली आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं.

वंदना हळूच म्हणाली, "म्हणजे... अक्कांना सगळं माहीत आहे?"

"बठ्ठं," अक्काने तिच्या गालावरून हात फिरवला.

पल्लवीने स्वतः धुळ्याला फोन करून सगळं खरं सांगितलं. मुलाने नानांना सांगितलं. पुढच्या रविवारी नाना परत आले, ओठ दिसतील इतकी मिशी कातरून! दोन तास ते आणि अक्का कापसावर बोलत बसले. लग्न ठरलं.

यंत्र लावलं त्या दिवशी आम्ही मॅडमसोबत दवाखान्याच्या ओसरीत उभे होतो. अक्काने एकदम कान टवकारले. वर पत्र्याकडे बघत म्हणाली, "चिमण्या शेतस का? माले वाटनं, आते येतच नईत त्या."

वंदना रडली. मॅडम मला म्हणाल्या, "तुम्ही अक्कांच्या मागे उभं राहून काहीतरी बोला. ओठ न बघता किती कळतं, ते पाहू."

मी बोललो. मनापासून बोललो. आईचे उपकार, जिनिंगमधले तिचे कष्ट, तिची जिद्द, ओघात थोडंसं आरोग्यविम्याचं महत्त्व. अक्का मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

मी थांबलो. तिने मॅडमचा हात धरला. "बाई, आवाज कमी करानं बटन कोठे शे वं?"

"हे काय, यंत्राला मागेच आहे."

"यंत्रनं नई," अक्काने अंगठ्याने मागे माझ्याकडे खूण केली, "यानं!"