दादाचा श्रावण आणि एक गोळी

तो बारीक किणकिणाट कसला, हे मला आधी कळलंच नाही. श्रावणातलं कोवळं ऊन खिडकीतून आत उतरलं होतं, खाली दहिसरची नदी गढूळ पाण्याने तुडुंब वाहत होती, आणि माझा थोरला भाऊ कपबशी ओठांपर्यंत नेण्यासाठी अक्षरशः झगडत होता. चहा लेंग्यावर सांडत होता. वहिनी मात्र कौतुकाने ओसंडून मला सांगत होती, "बघितलंत ना ताई? श्रावण लागला आणि एका झटक्यात सोडली यांनी! परवापासून एक थेंब नाही!"

काय म्हणावं आपल्या या श्रावणाला! वर्षभर रोज संध्याकाळी, आणि अलीकडे तर सकाळीही, जिची आराधना केली, तिला आषाढाच्या अखेरच्या दिवशी आकंठ निरोप द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं की आता शिवणार नाही. घरात आनंद, इमारतीत वाहवा. वाईट गोष्ट सोडावी, पण तीही इतक्या वाईट पद्धतीने? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कारण मी बोरिवलीच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मेंदूतल्या पेशींवर 'शांत हो' हा निरोप स्वीकारणारी सूक्ष्म द्वारं असतात, गाबा नावाच्या रसायनाची, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. मद्य त्याच द्वारांशी जाऊन त्या निरोपाचा जोर वाढवतं. आधी संकोच झोपतो, मग विवेक, मग पाय. लोकांना वाटतं, दारूने माणूस चेततो; प्रत्यक्षात त्याला आवरणारं जे काही असतं, तेच आधी विझतं. आणि रोजच पिणाऱ्याचं काय होतं? शेजारणीकडून दोन्ही वेळचा डबा येऊ लागला की घरची चूल थंड पडते, तसं होतं. बाहेरून आयती शांतता मिळते म्हणून मेंदू स्वतःची द्वारं मंदावतो. मग एके सकाळी डबा अचानक बंद! चूल पेटत नाही, आणि सगळं घर भुकेने आकांत मांडतं. हातांचा कंप, घाम, भास. आणि वेळेवर उपचार झाले नाहीत, तर झटके येऊन माणूस दगावतोसुद्धा. अशी माणसं डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू सोडवायची असतात.

हे सारं मी पोटतिडकीने सांगत असताना दादा चादरीवरून मुंग्या वेचू लागला. चादरीवर एकही मुंगी नव्हती. आमची म्हातारी काकू देवघराजवळून म्हणाली, "गावचो राखणदार देव कोपलो हा गो. गावाक फोन कर, नारळ देऊक सांग." मी फोन केला, तो रिक्षावाल्याला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी दादाला तपासलं आणि गोळी पुढे केली. दादाने संशयाने विचारलं, "कसली ही?" आणि माझ्यातली शिक्षिका गप्प बसेल तर ना! मी सांगून टाकलं की दारू मेंदूत जिथे काम करते, त्याच द्वारांवर ही गोळी काम करते, म्हणून तर कंप थांबेल.

"म्हणजे दारूच ना ती!" दादा थरथरत उठून बसला. "येडा समजतेस काय गं मला? माझा श्रावण मोडायला निघालीस? मी नाय घेणार."

त्याने दात घट्ट आवळले, सुईही टोचू देईना. डॉक्टरांनी समजावलं, वहिनी रडली, मी ओरडले, हात जोडले. आयुष्यभर ज्याला स्वतःवर ताबा ठेवता आला नाही, त्याचा निग्रह आज, नेमका या घटकेला, पोलादी व्हावा! त्याचा घाम उशीत मुरत होता. मला त्याचा विलक्षण राग येत होता, आणि हा आता मरेल ही भीतीही वाटत होती. डॉक्टर हळूच मला म्हणाले, "मॅडम, फार वेळ नाहीये आपल्याकडे."

तेव्हा आमच्यामागोमाग हॉस्पिटलात आलेली काकू खुर्चीवरून उठली. तिने डोक्यावर पदर घेतला, खाटेच्या पायथ्याशी उभी राहून हात जोडले, आणि ऐन वॉर्डात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान तुझ्याम्होरं दारू सोडल्यान, ती सोडल्यानच. आता डाक्टर जी गोळी देता हा, ती औषध म्हणान देता हा. ती दारूत धरू नको, त्याचो श्रावण मोडलो म्हणू नको, आणि त्याका उभो कर रे म्हाराजा!"

ती थांबली. गाऱ्हाण्याला होकार मिळाल्याशिवाय ते पुरं होत नाही. वहिनी हुंदक्यातून म्हणाली, "व्हय म्हाराजा." शेजारच्या खाटेवरचा अनोळखी रुग्णही म्हणाला. दादा माझ्याकडे बघत होता. देवाधर्मावरून जिच्याशी त्याचा जन्मभर वाद, त्या बहिणीच्या होकाराची तो वाट पाहत होता.

पेशी, द्वारं, रसायनं, सगळं खरं होतं. पण त्या खऱ्याला आत शिरायला माझ्याकडे वाट नव्हती. काकूकडे होती.

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या मोठ्याने म्हणाले की नर्स धावत आली.

दादाने तोंड उघडलं.