माती चाखणारे मामा

मामा माती जिभेला लावून बघायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत नवं पोतं आलं, की चिमूटभर माती जिभेवर आणि डोळे मिटलेले. घट्ट चिकटली तर पसंतीनं मान डोलवायचे. नाही तर थुंकून म्हणायचे, "रेव आसा. परत धाडा." यंत्रावरचा अहवाल दोन दिवसांनी यायचा, आणि बहुधा तेच सांगायचा.

मामा मूळचे कुडाळकडचे. उमेदीची वर्षं तिकडच्या चिनीमातीच्या खाणीत गेलेली. आता मोशीत भाड्याच्या खोलीत मामींबरोबर राहायचे आणि ठेकेदाराकडून आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून यायचे. मी एम.एस्सी. होऊन नुकतीच लागले होते. सांडपाण्यातला रंग शोषून घेणारी परदेशी पावडर महाग पडते, म्हणून तशीच पावडर स्वस्त मातीपासून करायची, हे आमचं काम. माती भाजायची, आम्लात शिजवायची, मग साबणासारख्या द्रव्याबरोबर बंद भांड्यात उकळायची. शेवटी भट्टीत तो साबण जाळला, की त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. सगळी करामत त्या छिद्रांची.

पावडर धुताना मी घाई करायचे. मामा हातातली बादली काढून घेत. "घाई नको गो. माती खंय पळान जातली?" मग सावकाश, पाणी नितळ येईपर्यंत धूत बसत.

तिसरी बॅच गिऱ्हाइकाला नमुना म्हणून जाणार होती. भट्टी साडेपाचशे अंशांवर लावायची, मी साडेआठशेवर लावली. फोनवर बोलत होते, एवढंच कारण. छिद्रं मिटली, पावडर वाया गेली. भट्टीची नोंद बघून प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी विचारलं, "मामा, भट्टी तुम्हीच बघता ना?"

मामांनी सरांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहत होते.

दुपारी ठेकेदारानं त्यांना कामावरून कमी करून गेटचा पास काढून घेतला. मी तेव्हा काचेची भांडी धूत होते. धुतलेलीच पुन्हा धुतली. वाईट वाटेल म्हणून वाट पाहिली. काहीच वाटलं नाही. संध्याकाळी नेहमीच्या बसनं घरी गेले, जेवले, झोपले.

पुढची बॅच उत्तम निघाली. अहवालावर माझं नाव आलं. महिन्याभरानं एकदा सरांच्या टेबलापाशी उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही. "अगं, आता कशाला उकरतेस? नमुना पास झालाय."

मग मामांना फोन लावला. ते आणि मामी मोशीची खोली सोडून गावी गेले होते.

"मामा, त्या दिवशी भट्टी मी लावली होती."

"म्हायती आसा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तू येऊन बोलशीत म्हणान मी गेटार लय वेळ उबो रवलंय."

मग त्यांनीच फोन ठेवला.